पाय सुजले, पाय आटले

माझ्या पायांचा मला फार अभिमान होता. मधुमेहाला बारा वर्षं झाली, पण पायांनी कधी हूं की चूं केलं नाही. तरी बायकोने तपासणीचा धोशा लावलाच. शेवटी तिच्या समाधानासाठी एका सकाळी ऑफिसला जाता जाता दवाखान्यात डोकावलो.

नर्सबाईंनी बूट काढायला लावले, डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला ठिकठिकाणी टेकवत, लागतंय का म्हणून विचारू लागल्या. मी डोळे किलकिले ठेवून दर वेळी बरोबर 'हो' म्हणालो. नापास व्हायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. शेजारी एक शिंपीकाका अशाच तपासणीला बसले होते. त्यांच्याशी गप्पा मारत मी बूट चढवले आणि निघालो.

दुपारी खाली पाहिलं, तर बुटाच्या दोन्ही कडा एकमेकींपासून फटकून राहिलेल्या, नाडी जेमतेम गाठीपुरती. सकाळी घरून निघताना तर ऐसपैस होते! दुखत काहीच नव्हतं, म्हणजे पाय सुजले असणार. टायपिस्टबाईंनी मूत्रपिंडाची शंका काढली, हेडक्लार्कनी हृदयाची. साहेबांनी तर माझं अर्धं काम दुसऱ्याकडे सोपवूनही टाकलं. घाबरून मी बायकोला फोन केला आणि दवाखाना गाठला.

तिथे शिंपीकाका आधीच हजर, चेहरा पांढराफटक.

"डॉक्टर, माझे पाय आटले हो," ते सांगत होते. "सकाळपासून दोनदा बूट निसटला."

मी म्हटलं, माझे सुजलेत. डॉक्टरांनी आळीपाळीने आम्हा दोघांकडे पाहिलं, दोघांचंही ब्लडप्रेशर मोजलं आणि पुन्हा आमच्याकडेच पाहत राहिले. इतक्यात बायको आली. तिने माझ्या पायांकडे एकदाच पाहिलं.

"हे कुणाचे बूट घालून आलात?"

रंग तोच, नाड्या त्याच, फक्त एक नंबर लहान. माझे बूट शिंपीकाकांच्या पायांत होते. सगळे पोट धरून हसले. डॉक्टरांनी माझा मोजा काढेपर्यंतच.

करंगळीवर मोठा फोड येऊन फुटला होता, मोजा रक्ताने चिकटला होता.

"दिवसभर यावर चाललात. काहीच जाणवलं नाही?"

"नाही."

"बूट चावला की माणूस कळवळतो. तुम्ही कळवळला नाहीत, हीच काळजीची गोष्ट आहे. आणखी चार दिवस हे असंच राहिलं असतं, तर बोटावर बेतलं असतं."

मग मी खाली मान घालून नर्सबाईंना किलकिल्या डोळ्यांचं सांगून टाकलं. शिंपीकाका बिचारे, कुत्र्याच्या मालकाने मागावी तशी माफी मागत होते. त्यांचा बूट आजवर कुणाला चावला नव्हता म्हणे.

तीन आठवडे ड्रेसिंग चाललं. आता रोज संध्याकाळी बायको चष्मा लावून माझे तळवे दिव्याखाली धरते आणि वर्तमानपत्र वाचावं तसे बारकाईने वाचते. काल मी म्हटलं, काही नाही गं, ठणठणीत आहेत.

"तुम्ही गप्प बसा," ती म्हणाली. "मी पायांना विचारतेय."