तीनशेचं पेट्रोल आणि सरकता चोर

चोर नव्हताच. पेट्रोल आधी महाग झालं, मग स्वस्त झालं. संपलं.

हे वरचं तुम्ही वाचलेलं नाही. रहस्यकथेच्या पहिल्याच ओळीत निकाल फोडणं हा आमच्या धंद्यात गुन्हा आहे, आणि गुन्हेगार मीच निघालो तर मला अटक कोण करणार? बेड्यांची एकच जोडी आहे. तिची किल्ली हरवली आहे आणि जोडी सध्या माझा सहायक आल्हाद याच्या सायकलला कुलूप म्हणून लावलेली आहे. सायकल गेल्या दिवाळीपासून अत्यंत सुरक्षित आहे. तेव्हा पेट्रोलचं काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, मलाही माहीत नाही. सुरू करू.

मी श्रेयस. डोणगावचा पहिला, शेवटचा आणि मधला खाजगी गुप्तहेर. वय तेवीस, नजर घारीची, चष्मा उणे चारचा. वडिलांच्या पिठाच्या चक्कीवर जो माळा आहे, तिथे माझं कार्यालय. माळ्यावर सगळीकडे पिठाचा बारीक थर असतो, त्यामुळे येणाऱ्या प्रत्येकाचे ठसे आपोआप मिळतात. आजवर जमा झालेले सगळे ठसे वडिलांच्या चपलेचे आहेत आणि ते नेहमी माझ्याच दिशेने येतात. आतापर्यंत मी अकरा प्रकरणं हाती घेतली. त्यातली नऊ आपोआप सुटली, दोन आल्हादच्या आईने सोडवली. यशाचं प्रमाण शंभर टक्के.

बाराव्या प्रकरणाचं नाव भागवत सर. सर वीस वर्षं आठवीला गणित शिकवतात. मलाही शिकवलं, पण त्याची जबाबदारी ते घेत नाहीत. एप्रिलमधल्या एका दुपारी ते शिडीवरून माळ्यावर चढले आणि कुजबुजले, "श्रेयस, एक काम हाय. पण बोभाटा नाही पायजे."

"सर, गुप्तता हेच आमचं—"

"खाली पाच बाया दळण घेऊन उभ्या हाय. त्याइले सगळं समजावून सांगितलं मी, का कोणाले सांगू नका म्हणून."

प्रकरण असं. सरांची मुलगी प्रतीक्षा फौजदाराच्या परीक्षेसाठी रोज स्कूटीने मेहकरला क्लासला जाते. अठरा-वीस किलोमीटर जाणं, तेवढंच येणं. सर तिला तीनशे रुपये देतात, ती पंपावर तीनशेचं पेट्रोल टाकते, ते बरोबर तीन दिवस पुरतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी गावाच्या कमानीजवळच्या पंपाच्या दारात येऊन शेवटचा आचका देते. दोन वर्षं हा नेम एका थेंबाने चुकला नव्हता.

"अन् आता पंधरा दिवस झाले," सर म्हणाले, "तिसऱ्या दिवशी गाडी रस्त्यातच बंद पडते. मी बाटली घेऊन जातो. पहिले वीटभट्टीपाशी पडली. मंग पुलापाशी. काल त ढाब्यापाशी! पेट्रोल चाललं कुठं?"

आल्हाद कोपऱ्यात पोत्यावर बसला होता. तो म्हणाला, "सर, मधात भाव वाढला ना. रोज ऐंशी-ऐंशी पैसे करत दहा रुपये चढलं."

"चढलं त चढू दे. आपल्याले काय फरक पडते बे? आपण त तीनशेचंच टाकतो."

यावर आम्ही तिघांनीही मान डोलावली. महागाईवर आमच्या गावाचा हा जुना आणि रामबाण तोडगा आहे. भाव कितीही होवो, आपण शंभरचंच टाकायचं. पंपावरचा पोऱ्या म्हणतो 'झीरो पाहा', आपण झीरो पाहतो आणि इतक्या श्रद्धेने पाहतो की शेजारच्या आकड्यांकडे नजर जाणं बरं दिसत नाही.

"म्हंजे एक त पेट्रोल चोरीले जाऊन राह्यलं," सर म्हणाले, "नाही त पोरगी क्लासच्या नावानं दुसरीकडंच फिरून राह्यली. तुले पुढच्या महिन्यातल्या शेवटच्या रविवारपर्यंत टाइम. चोर सापडला त ठीक. नाही त किल्ली माझ्या खिशात, क्लास बंद, अन् मालेगावचं स्थळ येऊन राह्यलं, त्याले हो म्हणून टाकतो."

सर उतरले. खालून पाच आवाज एकदम आले, "मालेगावचा पोरगा काय करते हो?"

*

संशयिताची जबानी मी त्याच संध्याकाळी घेतली. प्रतीक्षा आणि मी पहिलीपासून एका वर्गात होतो. ती पहिल्या बाकावर होती, मी बाकाखाली.

"श्रेयस," ती म्हणाली, "मी फौजदार व्हायचा अभ्यास करून राह्यली अन् माझा तपास तू करून राह्यला. हे पाहून मले अभ्यासाची अजूनच गरज वाटून राह्यली."

"विचारलं तेवढ्याचंच उत्तर दे. गाडी बंद पडते तेव्हा तू कुठे असतेस?"

"गाडीवर."

मी लिहून घेतलं.

"अरे, भाव वाढला ना म्हणून—"

"संशयितानं तपासात ढवळाढवळ करू नये."

"पप्पाले तीनदा सांगितलं मी. म्हणतात, तीनशे म्हंजे तीनशे. गणिताच्या मास्तरले गणित कोण सांगंल?" मग तिचा आवाज खाली आला. "दोन महिन्यांवर परीक्षा हाय रे. मस्करी नको करू यात."

हे मी लिहून घेतलं नाही. पण ते डोक्यात राहिलं, आणि माझ्या डोक्यात सहसा काही राहत नाही.

पहिला सिद्धांत: ऊन. एप्रिलातलं आमच्याकडचं ऊन दगडाला घाम फोडतं, पेट्रोल काय चीज आहे! मी वाटीभर पेट्रोल चक्कीमागच्या पत्र्यावर ठेवलं आणि घड्याळ लावलं. दहा मिनिटांनी वाटी कोरडी ठाक. सिद्धांत सिद्ध झाला म्हणून मी ओरडणार, तेवढ्यात आल्हाद म्हणाला, "ते मी गाडीत टाकलं बे. वाया चाललं होतं."

दुसरा सिद्धांत मोठा होता. भिंतीवर मी रस्त्याचा नकाशा काढला आणि गाडी जिथे जिथे बंद पडली तिथे गव्हाचा एकेक दाणा चिकटवला. कमान, वीटभट्टी, पूल, ढाबा. माझ्या अंगावर काटा आला. चोर एका जागी नव्हता. चोर सरकत होता! दर तीन दिवसांनी दोन-तीन किलोमीटर मेहकरच्या दिशेने. मी पट्टी लावून हिशोब केला. याच वेगाने चोर सतरा तारखेला मेहकरच्या बसस्थानकावर पोचणार आणि तिथून बस पकडून फरार होणार.

"इतकं पेट्रोल चोरून तो बसनं काऊन जाईल?" आल्हादने विचारलं.

"कारण पेट्रोल महाग आहे," मी म्हणालो.

सतरा तारखेला आम्ही बसस्थानकावर सापळा लावला. सहा तास बसलो. हातात डबा असलेला एक इसम आला. झडप घालून डबा उघडला, तर आत बेसन-भाकरी. त्याने आम्हाला दोन-दोन घास दिले. सापळ्यात चोर येत नाही तेव्हा निदान जेवण तरी यावं, हा तपासशास्त्राचा नियम मी तिथे शोधून काढला.

उरला पाठलाग. आल्हादने वडिलांची मोटारसायकल आणली. नेहमीप्रमाणे शंभरचं टाकलं, झीरो पाहिला, आणि संध्याकाळी मेहकरहून निघालेल्या प्रतीक्षाच्या मागे सुरक्षित अंतर ठेवून लागलो. ती मध्ये कुठेही वळली नाही, थांबली नाही. आम्ही मात्र थांबलो. ढाबा यायच्याही बराच आधी मोटारसायकल खोकली आणि गप्प झाली.

"शंभरात नेहमी जाऊन-येऊन होते बे," आल्हाद टाकी हलवत म्हणाला. "आज काऊन नाही झालं?"

मी टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं. मला अंधार दिसला आणि त्या अंधारात मला प्रकाश दिसला. चोराने आमच्याही टाकीत हात घातला होता. आम्ही दोघं वर बसलेलो असताना, चालत्या गाडीत, झाकणाला कुलूप असताना! एवढ्या ताकदीचा माणूस पेट्रोल चोरण्यात आयुष्य वाया घालवतो, याचं मला फार वाईट वाटलं.

थोड्या वेळाने प्रतीक्षा स्कूटी ढकलत उलटी आमच्याकडे आली. तिचीही बंद पडली होती. बाटलीतल्या पेट्रोलची वाट पाहत आम्ही तिघं मैलाच्या दगडावर ओळीने बसलो.

"सापडला चोर?" तिने विचारलं.

"जवळ आहे," मी म्हणालो.

"हाव. लईच जवळ हाय. पंपावर बोर्ड लावून बसला हाय."

मी बोर्डाच्या मागे लपता येईल का, याचा विचार करू लागलो.

*

मे महिना निम्मा सरला आणि बातमी आली, पेट्रोल उतरलं. मग अजून उतरलं. जेवढं चढलं होतं त्याहून जास्त उतरलं. चक्कीवर सर म्हणाले, "उतरलं त उतरू दे. आपल्याले काय? आपण तीनशेचंच टाकतो."

आणि त्याच आठवड्यात स्कूटी ढाब्यापाशी थांबली नाही. पूल गेला, वीटभट्टी गेली, पंप गेला, गाडी थेट घरी आली आणि चौथ्या दिवशी सकाळी उठून पुन्हा पंपापर्यंत गेली.

मला आनंद झाला. चोराला पश्चात्ताप झाला होता आणि तो हप्त्याहप्त्याने परतफेड करत होता. मी ही आनंदवार्ता घेऊन सरांकडे धावलो. सरांचा चेहरा मात्र काळा पडला.

"म्हंजे आता कोणीतरी तिले पेट्रोल टाकून देऊन राह्यलं," ते म्हणाले. "कोण हाय तो पोरगा?"

पेट्रोल कमी पडलं तर पोरगी फिरते, जास्त उरलं तर कोणी फिरवतं. सरांच्या या गणितात उत्तर आधीच काढून ठेवलेलं होतं, फक्त उदाहरण बदलत होतं. त्यांनी खुंटीवरची किल्ली काढून सदऱ्याच्या खिशात टाकली.

प्रतीक्षा मला चक्कीच्या दारात भेटली. हातात पुस्तकांची पिशवी होती आणि जायला गाडी नव्हती. "श्रेयस," ती म्हणाली, "तुझ्या नकाशानं माझं लग्न जमून राह्यलं."

त्या दिवशी मी भिंतीवरचे दाणे काढले. चारातले दोन आल्हादने खाऊन टाकले होते.

*

शेवटचा रविवार. सरांच्या ओसरीवर सुनावणी. सर खुर्चीवर, प्रतीक्षा खांबाला टेकून, कोकिळाकाकू म्हणजे तिची आई दारात, आणि मी मधोमध उभा. अकरा वाजता मालेगावहून फोन येणार होता. सव्वादहा झाले होते.

"बोल," सर म्हणाले. "चोर का पोरगा?"

माझ्याकडे चोर नव्हता आणि पोरगाही नव्हता. मी घसा खाकरला. "सर, माझ्या तपासानुसार तुमची मुलगी सरळ रस्त्याने जाते आणि सरळ रस्त्याने येते. मी स्वतः मागे होतो, बंद पडेपर्यंत." माझ्या कारकिर्दीतलं हे पहिलं खरं वाक्य असल्याने ते कोणालाच पटलं नाही.

तेवढ्यात, "मेथीऽऽ, पालकऽऽ" करत तानुबाई पाटी घेऊन ओसरीच्या पायरीवर टेकली. तानुबाई शेजारच्या खेड्यातून ऑटोने येते आणि अर्ध्या डोणगावला भाजी घालते. काकूंनी दहाची नोट दिली, तिने मेथीची जुडी दिली. सरांची नजर जुडीवर गेली आणि सुनावणी तहकूब झाली.

"ही जुडी हाय का काडी? होळीले दहाची मनगटाएवढी येत होती! अन् आता करंगळी?"

"दहाचीच हाय सर," तानुबाई म्हणाली. "तुमी दहाच दिले ना? पहिलेबी दहाच देत होते."

"अवं, दहा तेवढेच हाय, पण भाव वाढला ना मेथीचा! भाव वाढला का दहात मेथी कमीच येईन! एवढं साधं गणित—"

"हाव," तानुबाई पाटी सावरत म्हणाली. "मंग तीनशेचं पेट्रोल काय वेगळ्या मळ्यात पिकते काय?"

ही केस सगळ्या गावाला माहीत होती. तानुबाईचं दळण चक्कीवरच असतं.

सर खुर्चीवर बसलेलेच होते, तरी पुन्हा बसले. त्यांचे ओठ हलत होते. तीनशे भागिले काहीतरी चाललं होतं. मग उतरलेल्या भावाने पुन्हा भागून झालं. वीटभट्टी, पूल, ढाबा आणि चौथा दिवस, सगळे एकेक करून त्यांच्या चेहऱ्यावरून गेले.

"पप्पा," प्रतीक्षा हळूच म्हणाली, "आठवीचं पुस्तक आणू काय? व्यस्त चलन हाय त्यात."

"शिकवतो मी ते," सर पुटपुटले. "वीस वर्षं झाले." त्यांनी खिशात हात घातला, किल्ली काढली आणि तिच्याकडे न पाहता तिच्या हातात ठेवली. "उद्यापासून लिटरनं टाकत जा. तीन लिटर. भाव काही का असंना." मग, खालीच पाहत, "मले एकदा जोरात सांगाचं होतं ना बेटा."

"सांगितलं ना पप्पा, तीनदा."

अकरा वाजता फोन वाजला. काकूंनीच उचलला आणि म्हणाल्या, "पोरगी परीक्षेले बसून राह्यली. फौजदार झाल्यावर तीच फोन करंल तुमाले."

सरांना मात्र एवढ्यावर राहवेना. शिक्षकी खोड जात नाही. "पण तानुबाई, आता त पेट्रोल उतरलं. मंग जुडी काऊन नाही वाढली?"

"ऑटोवाल्यानं पेट्रोल चढलं तवा माह्याकडून दहा जास्तीचे घेतले. उतरलं तवा त्याले मालूमच नाही पडलं." तानुबाईने पाटी डोक्यावर घेतली. "वाढवलेलं कमी कराची आपल्याकडं पद्धत नाही सर."

अशा रीतीने बारावं प्रकरण मी सोडवलं. मानधन म्हणून सरांनी मला ती मेथीची जुडी दिली; माझ्यात आणि आल्हादमध्ये वाटली तेव्हा प्रत्येकी सात काड्या आल्या. पण काम अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही. त्याच दुपारी मी खालील अर्ज लिहिला. प्रतीक्षाने शुद्धलेखन तपासलं, चक्कीवरच्या पाच बायांनी सह्या केल्या.

प्रति,
मा. अंतर नियंत्रण अधिकारी,
(असे पद नसल्यास ते निर्माण करून त्या अधिकाऱ्यांना)

विषय: डोणगाव ते मेहकर हे अंतर पेट्रोलच्या दराप्रमाणे कमी करणेबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून विनंती की, आम्ही खाली सही करणार पेट्रोल नेहमी तीनशेचेच टाकतो व पुढेही तीनशेचेच टाकणार आहोत. सबब पेट्रोलचा दर वाढताच डोणगाव व मेहकर ही दोन्ही गावे त्याच प्रमाणात एकमेकांजवळ सरकवण्यात यावीत. वीटभट्टी, पूल व ढाबा मधून काढून टाकण्यास ग्रामस्थांची हरकत नाही. तसेच दर उतरल्यास अंतर पूर्ववत वाढवण्यात येऊ नये, कारण तशी आपल्याकडे पद्धत नाही.

कार्यवाही होईपर्यंत आम्ही मैलाच्या दगडावर बसून आहोत.