वाघाचं गवत आणि बगळे वकील

बसा बाळांनो, पाय दुमडून बसा. पेंगलात तरी चालेल. मोठेपणी दरबारात तेच करायचंय.

एका जंगलात झाडांपेक्षा कायदे जास्त होते. तिथे सखू आणि भिवा हे भेकरांचं जोडपं राहत होतं. भेकर म्हणजे लहानसं, भित्रं हरीण. त्यांना एक पाडसही होतं.

एके दिवशी राजाचे शिपाई आले. शिपाई म्हणजे कोळसुंदे, रानकुत्रे. त्यांनी भिवाला धरून खड्ड्यात टाकलं. आरोप असा, की त्याने वाघोबा महाराजांच्या कुरणातलं गवत खाल्लं.

"अहो, तिथे सगळेच चरतात!" सखू म्हणाली.

"ते दरबारात सांग. म्हणजे तू नाही, तुझा वकील सांगेल. याच राज्यातला हवा, सनद असलेला. नाहीतर गुन्हा कबूल असं धरतात."

सखू धावत वडाखाली गेली. वडावर वकील शोधून देणारा पोपट बसायचा.

"या ताई! वकील हुशार हवा, की स्थानिक हवा?"

"दोन्ही हवं."

"दोन्ही नाही मिळत," पोपट म्हणाला. "हुशार नाल्यापलीकडे राहतो."

सखूने नाला ओलांडला. पलीकडे एक म्हातारा वानर होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि तो पोट धरून हसला.

"सखूबाई, वाघ गवत खातो का? एवढं विचारलं की खटला संपला."

"मग चला ना लगेच!"

वानराने नाल्याकडे बोट दाखवलं. "माझी सनद या काठाची. नाला ओलांडला की मी नुसतं माकड. पण एवढं वाक्य तिथल्या वकिलाला सांगा."

तिथला वकील एकच होता. बगळे वकील. तळ्यात एका पायावर उभे असायचे. पांढऱ्या अंगावर काळा कोट. सखूने ते वाक्य त्यांना सांगितलं.

बगळ्यांनी एक डोळा उघडला. "कोणी शिकवलं?"

"पलीकडच्या वानरांनी."

"तरीच. बाई, एका वाक्यात संपवायला हा खटला आहे की उचकी? आता तुम्ही बोलायचं नाही. मी बोलेन."

दरबार भरला. भिवाला खड्ड्यातून वर काढलं. काळा कोट पाहून त्याचा चेहरा उजळला. तो हळूच म्हणाला, "सखे, एवढा मोठा वकील मिळवलास गं?"

बगळे बोलू लागले. गवत म्हणजे काय, यावर बोलले. हिरवा रंग कशाला म्हणावं, यावर बोलले. हरणाच्या पोटात किती कप्पे असतात तेही सांगितलं. शेवटी मान लववून म्हणाले, "महाराज, माझ्या अशिलाने गवत खाल्लं हे खरं. पण चवीने खाल्लं नाही."

सखूला राहवेना. ती ओरडली, "महाराज, तुम्ही गवत खाता का?"

वाघोबांनी आपल्या पंजाकडे पाहिलं. मग कुरणाकडे पाहिलं. खरंच विचार करू लागले. "नाही बुवा," ते म्हणाले. "गवत तर मी—"

"हरकत आहे!" बगळे कडाडले. सखूच्याच वकिलाने हरकत घेतली हो! "हे वाक्य सनद नसलेल्या तोंडून आलंय. कामकाजातून वगळावं."

"वगळलं," वाघोबा म्हणाले. त्यांनाही हायसं वाटलं.

मग निकाल लागला. खाल्लेलं गवत राजाला परत मिळावं. गवत होतं भिवाच्या पोटात. ते महाराजांनी भिवासकट ताब्यात घेतलं. तिथेच, सर्वांसमक्ष. सखूने पाडसाचे डोळे आपल्या पोटाशी दाबून धरले.

बाहेर बगळे तिला भेटले. चोच पुसत म्हणाले, "निकाल विरुद्ध गेला, पण माझं हिरव्या रंगावरचं भाषण महाराजांना आवडलं. अपील करू या. मुद्दा अजून जिवंत आहे."

"मुद्दा आहे," सखू म्हणाली. "भिवा नाही."

आणि पाडसाला पुढे घालून ती ते राज्य सोडून गेली. बगळ्यांनी तिची तक्रार केली. वकिलाला न विचारता गेली म्हणून.

तात्पर्य: वकील नेहमी आपल्याच राज्यातला, जवळचा आणि सनदवाला करावा. परराज्यातला वकील चुकून आपल्याला वाचवतो, आणि तसं वाचणं बेकायदेशीर असतं.