चुकलेल्या वेगाची रेकॉर्ड

रेकॉर्ड कंपनीतून फोन आला तेव्हा टेपकाका गॅलरीत मोजे वाळत घालत होते. चाळीस वर्षांपूर्वीची ती रेकॉर्ड पुन्हा काढायची ठरली होती, आणि मूळ टेप हाताळू शकेल असं जुन्यांपैकी दुसरं कोणी उरलं नव्हतं.

"एकटेच काय हसताय?" काकूंनी विचारलं.

"पाप फेडायची संधी आलीय गं."

पाप असं होतं. घोडे, धूळ, लांबचे रस्ते असल्या कंट्री-रॉक गाण्यांच्या टेपवरून रेकॉर्ड तयार करायचं काम तेव्हा तरुण टेपकाकांकडे होतं. मशीनचा पट्टा सैल आहे आणि गाणी संथ उतरलीत, हे लक्षात येईपर्यंत रेकॉर्डी दुकानांत पोचल्या होत्या. घोडे कमरेभर पाण्यातून चालत होते, गिटार आळस देत होती आणि गायक, म्हणजे काकांचा जिवलग मित्र, ढगातून बोलल्यासारखा गात होता. मित्राला तोंड दाखवायची काकांची काही छाती झाली नाही. पुढे लोक त्या गाण्यांना सायकेडेलिक, म्हणजे नशेत तरंगवणारी, म्हणायला लागले, डोळे मिटून डोलायला लागले, तरी काका त्यातलं गाणं कुठे लागलं की तिथून काढता पाय घेत.

आता मात्र त्यांनी पट्टा दहादा तपासला आणि टेप अगदी बरोबर वेगात उतरवली. कोणाला अवाक्षर बोलले नाहीत. नवी रेकॉर्ड निघाली आणि चौथ्याच दिवशी कंपनीतल्या मॅडमचा फोन आला.

"काका, काय करून ठेवलंत हे? लोक खवळलेत!"

"अहो, आधीची चुकलेली होती. ही बरोबर आहे."

"बरोबर मागितली कोणी? एक गृहस्थ म्हणतात, त्यांनी बायकोला मागणी घातली ती याच गाण्यावर. आता म्हणे घोडा तिला टाकून पळतोय!"

काकूंनी जखमेवर मीठ चोळलं. "आयुष्यात तुमचं एक काम लोकांना आवडलं, तेही तुम्ही दुरुस्त केलंत!"

तीच चूक पुन्हा करून द्या, असा मॅडमचा हुकूम निघाला. काकांनी पट्टा सैल केला. गायक झोपेत बरळायला लागला. जरा घट्ट केला, तर त्याला सर्दी झाली. ताडून बघायला जुनी रेकॉर्ड हवी होती. काकांनी ती घरात कधी ठेवलीच नव्हती, कंपनीतली कोणीतरी लंपास केली होती.

"गायकांकडे असेलच की," मॅडम म्हणाल्या.

झालं! नको तेच नशिबी आलं.

मित्राने दार उघडलं. केस पांढरे झाले होते, बाकी तोच. काका दारातच म्हणाले, "माफ कर रे. तुझा आवाज मी नासवला. आता सुधारायला गेलो, तर तेही जमलं नाही."

"नासवला? अरे, माझा आवाज होता किनरा! तुझ्यामुळे त्याला वजन आलं. कार्यक्रमांत लोक तोच मागायचे. वर्षभर घासून मी तसं गायला शिकलो."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तीन पत्रं टाकली होती तुला."

पत्रं आली होती. शिव्याच असणार, म्हणून काकांनी ती न उघडताच फाडली होती.

"काय लिहिलं होतंस?"

"पहिल्यात आभार मानले होते. दुसऱ्यात माझ्या लग्नाचं आमंत्रण होतं."

"आणि तिसऱ्यात?"

"शिव्या. लग्नाला आला नाहीस म्हणून."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. काय मूर्ख माणूस आहोत आपण, असं त्यांना वाटलं. मग ते म्हणाले, "त्या शिव्या आठवत असतील, तर आता दे."

मित्राने त्यांना आत घेतलं, खुर्ची पुढे ओढली, घसा साफ केला आणि सुरुवात केली.