उजव्या हृदयांची गल्ली

"चार वायरी लावायच्या आणि बटण दाबायचं! त्याला कसलं आलंय प्रशिक्षण?"

धाकटीने हे वाक्य पहिल्याच दिवशी घरी येऊन ठोकून दिलं, तेही चपला काढायच्या आधी. घर म्हणजे पुढे लाँड्री आणि मागे दोन खोल्या. आई कपडे धुवायची, बाबा ते पोचवायचे, मामा इस्त्री मारायचा आणि मावशी काउंटरवर बसून गिऱ्हाइकांशी बोलायची. मावशीचं काम सगळ्यात जास्त चालायचं.

या घरातून कॉलेजला गेलेली धाकटी पहिलीच. त्यात तिची निवड झाली हृदय-संशोधनाच्या उन्हाळी प्रशिक्षणाला. ज्यांच्या घरातल्या कुणी कधी प्रयोगशाळेचा उंबरा ओलांडला नाही, अशाच मुलामुलींना तिथे घेत होते. आणि शेवटच्या दिवशी, सगळ्यांची भाषणं झाली की, तिथल्या मुख्य मॅडम त्यांच्यातल्या एकाला वर्षभरासाठी प्रयोगशाळेत ठेवून घेणार होत्या. धाकटीला ती जागा हवी होती. नुसती हवी नव्हती, तिचा जीव अडकला होता त्या जागेत! कारण घरच्यांनी परवानगी दिली होती ती उन्हाळ्यापुरती. पुढे काउंटरची दुसरी खुर्ची तिची वाट बघत होती, मावशीच्या अगदी शेजारची.

मॅडम पहिल्याच तासाला म्हणाल्या होत्या, "आजवरचं संशोधन ठरावीक लोकांच्याच हृदयांवर झालंय. तुमच्या घरच्यांची हृदयं कुणी तपासलीच नाहीत. तेव्हा हे छोटं ईसीजीचं यंत्र घरी न्या आणि आपल्या माणसांच्या नोंदी आणा."

मग त्यांनी बजावलं, "कागदावरची पहिली रेघ उलटी आली, तर दोन शक्यता. एक, त्या माणसाचं हृदय उजवीकडे आहे. असं हजारोंत एखाद्याचं असतं. दुसरी, तुम्ही दोन हातांच्या वायरींची अदलाबदल केलीत. हे रोज होतं."

दुसरी शक्यता धाकटीने या कानाने ऐकली आणि त्या कानाने सोडून दिली. असला वेंधळेपणा इतरांनी करावा!

शिवाय तिने कसून सराव केला होता. कपाटाच्या आरशासमोर बसून ती स्वतःच्याच मनगटांना वायरी लावायची. समोरचं चित्र तिने डोक्यात पक्कं बसवलं होतं: लाल वायर या बाजूला, पिवळी त्या बाजूला. डावा कुठला, उजवा कुठला, बघायचंच नाही. चित्र आठवायचं आणि लावून मोकळं व्हायचं.

पहिला मान मामाचा. इस्त्रीच्या टेबलावरच्या चादरी बाजूला सारून मामा आडवा झाला.

"बोलायचं नाही हं मामा. हलायचं नाही. शांत पडून राहायचं."

"तुझ्या मावशीसमोर मी आजवर दुसरं केलंय काय?" मामा म्हणाला.

कागद सरसरत बाहेर आला. पहिली रेघ उलटी! धाकटीने पुन्हा काढली. पुन्हा उलटी!

"मामा," ती हळूच म्हणाली, "घाबरू नकोस. तुझं हृदय उजवीकडे आहे."

मामा ताडकन उठून बसला. क्षणभर त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग हळूहळू त्यावर असं तेज चढलं की काही विचारू नका.

"तरीच!" तो म्हणाला. "तरीच मी म्हणतो, लहानपणापासून माझं कुणाशी पटत का नाही!"

"मग माझं बघ," मावशी काउंटर सोडून आत आली. भावाकडे आहे आणि आपल्याकडे नाही, अशी एकही गोष्ट तिने आयुष्यात राहू दिली नव्हती. तिचंही उजवीकडे! मग आई आली, ओले हात पदराला पुसत. तिचंही उजवीकडे!

धाकटीला आभाळ ठेंगणं झालं. एकाच आईची तीन लेकरं आणि तिघांची हृदयं उजवीकडे. हा वारसा होता! हा शोध होता! वर्षभराची जागा काय, तिला आता प्रयोगशाळेच्या दारावर स्वतःच्या नावाची पाटी दिसायला लागली.

संध्याकाळी बाबा आले. त्यांना झोपवलं. रेघ उलटी.

"पण बाबा तर तुमच्या रक्ताचे नाहीत," धाकटी जरा चाचरली.

"म्हणून तर सोयरीक जमली," मामाने निकाल दिला. "नाहीतर या माणसात दुसरं होतं काय?"

दुसऱ्या दिवशी मावशीने हे कुणालाही न सांगता, म्हणजे गिऱ्हाइकांखेरीज कुणालाही न सांगता, मनातच ठेवलं. दुपारपर्यंत अख्खी गल्ली लाँड्रीत! समोरचा चष्मेवाला आला, कोपऱ्यावरचा कुलूपवाला आला, शाळेतल्या बाई रिक्षा थांबवून आल्या. सगळ्यांची हृदयं उजवीकडे! मामा इस्त्री सोडून प्रत्येकाचं अभिनंदन करत होता. रात्री तो कूस बदलून झोपायला लागला. "उजवीकडे दाब पडतो," म्हणे. "धडधड अगदी स्पष्ट जाणवते."

धाकटीला मात्र आता थोडी शंका यायला लागली होती. पण कसली? गल्लीतल्या पाण्याची! नळाखाली बाटली भरून तिने ती पिशवीत टाकली, कागदांचं भेंडोळं घेतलं आणि मॅडमना गाठलं.

मॅडमनी सगळे कागद शांतपणे पाहिले. बाटलीही पाहिली. मग त्या टेबलावर आडव्या झाल्या.

"लाव मला वायरी."

धाकटीने झटपट लावल्या. कागद बाहेर आला. रेघ उलटी.

"काय गं," मॅडम पडल्यापडल्याच म्हणाल्या, "मी पण तुमच्याच गल्लीतली का?"

 धाकटीने लाल वायरीकडे पाहिलं. उजव्या हाताला हवी, ती मॅडमच्या डाव्या हाताला होती! आरशातलं चित्र समोरच्या माणसावर जसंच्या तसं चिकटवलं, तर त्याचा डावा तो उजवा होणारच. अख्ख्या गल्लीची हृदयं तिने एकटीने इकडची तिकडे केली होती!

"गेलं सगळं," ती रडकुंडीला आली. "मॅडम, आता तुम्ही मला कशाला ठेवाल?"

"ते उद्या ठरेल. सगळ्यांना अशाच लावल्यास ना? की कधी अशा, कधी तशा?"

"अशाच. अगदी प्रत्येकाला."

"मग काही गेलं नाही. प्रत्येक वेळी तीच चूक असली की हिशेबात उलटून घेता येते. मधूनच एखादी नोंद बरोबर आली असती, तर सगळे कागद फेकावे लागले असते." मॅडमनी वायरी काढून तिच्या हातात दिल्या. "इतक्या शिस्तीत चुकणारी मुलगी मी पहिल्यांदाच बघतेय. उद्याच्या भाषणात हेच सांग."

"हेच? सगळ्यांसमोर?"

"हेच. सगळ्यांसमोर."

सांगायला तिची हरकत नव्हती हो! पण भाषणांना घरच्यांनाही बोलावलं होतं, मागच्या रांगेत बसणार होतं कोण? घरी जाऊन हे सांगणं तिला जमलं नाही. मामा उद्यासाठी सगळ्यांच्या कपड्यांना कडक इस्त्री मारत होता आणि मारता मारता गुणगुणत होता. 

दुसऱ्या दिवशी सगळे आले. आई, बाबा, मावशी, मामा, शिवाय चष्मेवाला. धाकटी उभी राहिली.  तिने आरशापासून सुरुवात केली आणि काही न लपवता सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "तेव्हा आमच्या गल्लीतली सगळी हृदयं डावीकडेच आहेत. माझीच चूक झाली. सगळ्यांची माफी मागते."

 मावशीने पदर तोंडाला लावला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान ताठ होती. आपल्या पोरीने एवढ्या शिकलेल्या लोकांसमोर आपली चूक न अडखळता सांगितली, हे तिला कळलं होतं.

आणि मामा उभा राहिला.

"एक विचारू का?" तो म्हणाला. "मग इतके दिवस उजवीकडे धडधडत होतं, ते काय होतं?"

सगळे खो खो हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि त्या मामाकडे वळल्या.

"खरंच जाणवत होतं?"

"रोज! शपथेवर सांगतो."

"म्हणजे हृदय जिथे आहे असं सांगितलं, तिथे यांना ते जाणवलं," मॅडम धाकटीकडे वळल्या. "असं किती जणांना होतं, हे शोधायला वर्ष तरी लागेल. राहशील?"

धाकटीने मान हलवली. मागून आईनेही होकाराची मान डोलावली. मागच्या रांगेत चष्मेवाल्याने टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली.

"आणि तुम्ही याल ना?" मॅडमनी मामाला विचारलं. "पहिली नोंद तुमचीच घेऊ."

मामाने शर्टाची घडी नीट केली.

"येईन की," तो म्हणाला. "पण वायरी दुसऱ्या कुणीतरी लावा!"