हकीकत पाच सुपाऱ्यांची व नागूबाईंच्या तारखेची

श्री समुद्रदेव प्रसन्न असोत. प्रसन्न नसल्यास निदान रुष्ट तरी नसोत. शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पराभवनाम संवत्सरे, माघमासी, बेटराज्यी जे वर्तमान जाहले ते फळा लिहिणार कारकुनाने डोळां पाहिले तैसे लिहिले. संवत्सराचे नाव आम्ही ठेविले नाही.

राज्य म्हणाल तर चहू बाजूंस खारे पाणी, मध्ये आळ्या पाच, लाँच एक, मंडप एक, खुर्च्या एकशे अकरा आणि धक्क्यावर काळा फळा एक. त्या फळ्यावर आगामी समारंभ लिहावे ही सेवा आम्हांकडे. आणि रीत वडिलोपार्जित ऐसी की, दर आळीची एक, ऐशा पाच सुपाऱ्या आजे-पणजांच्या वेळच्या जपोन ठेविल्या. त्या पाचही फळ्याखालील फळीवर पडल्या म्हणजे तारीख मुक्रर, आणि एका आळीने रुसोन आपली सुपारी उचलिली की तारीख मोडली, मग आम्ही ओले फडके घेवोन फळा पुसावा. पुसपुसोनि फळ्याचा रंग गेला, आमचा खांदा गेला, रीत मात्र गेली नाही.

त्या माघात समारंभांस ऊत आला. एके आळीची होड्यांची शर्यत, दुसरीची भजनस्पर्धा, तिसरीचा कॅरमचा अंतिम सामना, चौथीचा सुक्या मासळीचा पाककृती मेळावा आणि पाचवीचा वाचनालयाचा वर्धापनदिन, ज्या वाचनालयात कपाटाची किल्ली हरवून तीन वर्षे जाहली. आणि सहावे नेत्रशिबिर. शिबिरास आळी नाही, म्हणोन वाली नाही. मागील दोन साली त्याची तारीख ऐसीच पुसली गेली. दोन्ही वेळां आम्हीच पुसली.

आणि शिबिराची वाट पाहणार नागूबाई तांडेल, वय सत्तरीपार, जाळी विणण्यात राज्यात पहिल्या. डावा डोळा विझला, उजव्यावर पडदा. पैलतीरीच्या डॉक्टरीणबाईंनी निरोप धाडिला होता की, यंदा तपासोन शस्त्रक्रिया न जाहल्यास उजवाही हाती राहणार नाही. हे पाचही आळ्यांस ठाऊक होते. ठाऊक असणे आणि ध्यानी असणे यांत या राज्यी खाडीएवढे अंतर आहे.

मग नगराध्यक्ष राजमान्य राजश्री भिकोबा चोगले यांनी दरबार भरविला, आणि तो मोडला, आणि पुन्हा भरविला, ऐसे चार वेळां जाहले. चौथ्या खेपेस मसलत निघाली की, सर्वच समारंभ एके दिवशी करावे, म्हणजे कोणी आधी नाही, कोणी मागे नाही. रविवार नेमिला, पाहुण्यांस जेवण गरम मिळावे म्हणोन वेळ दुपारी बारा. नागूबाई मागून बोलिल्या, "तिथ कंची हाय त्या दिशी?" तो भिकोबा म्हणाले, "आजी, थांबा जरा, एकमत होतंय!" आणि एकमत जाहले. चाळीस वर्षांत प्रथमच पाचही सुपाऱ्या एकदम पडल्या, टाळ्या जाहल्या, आणि आम्ही गहिवरोन सुवाच्य अक्षरी फळा लिहिला. तिथी आम्हीही पाहिली नाही. लाज वाटते, तरी लिहितो.

रविवारी मंडप सजला, होड्या रंगल्या, सुके बोंबील तळावयास कढया चढल्या, आणि बारास राज्य हार घेवोन धक्क्यावर उभे राहिले, तो समोर पाणी नाही. वद्य अष्टमी! भरती सकाळी सहास, मग सांजेस सहास. दुपारी निव्वळ गाळ. पाण्यावर जन्मलेले, पाण्यावर जगलेले लोक, आणि पाणी विसरले. लाँच पाचशे पावलांवर रुतली, आत उद्घाटक, परीक्षक आणि डॉक्टरीणबाई. लाँच चालविणार महमूद सारंग टपावर बसोन विडी ओढीत होते. भिकोबा धक्क्यावरोन ओरडले, "सारंग, तुला भरती कळत नाय काय?" सारंग तितक्याच शांतपणे ओरडले, "मना तारीख सांगितलीत, भरती कोनी इचारली?"

डॉक्टरीणबाईंनी हाक दिली की रुग्णांस येथेच आणा, सांजेस मला परतणे आहे. मग ठरले की नागूबाईंस खुर्चीत बसवोन गाळातून न्यावे. बसविले. आणि तेथे तंटा उभा राहिला, कारण खुर्चीस पाय चार आणि आळ्या पाच. कोणत्या आळीने पाय सोडावा यावर अर्धी घटका वाद, कोणी म्हणे पाठीस हात लावा, तो दुसरा म्हणे पाठ म्हणजे मान नव्हे. आम्हांस ते ऐकवेना. तो नागूबाई खुर्चीतून उठल्या, लुगडे वर खोचिले आणि म्हणाल्या, "साठ वरसं या चिखलात शिवल्या-शिंपल्या येचल्या मी. डोलं गेलं, पाय नाय गेलं." आणि चालू लागल्या. आम्ही फडके टाकोन हात धरला. चिखलात आम्हीच दोनदा पडलो. त्या पडल्या नाहीत.

लाँचमध्ये तपासणी जाहली. डॉक्टरीणबाई बोलिल्या, "एकादशीला सकाळी या, त्याच दिवशी करू. पुढची तारीख मिळणार नाही." नागूबाईंनी बोटे मोजली, एकादशीची भरती सव्वाआठ. आम्ही परतोन फळा लिहिला, आणि शरमेने पाचही सुपाऱ्या पडल्या.

शरम दोन दिवस टिकली. दशमीस पुन्हा दरबार, की समारंभ फुकट गेले, पाहुणे एकादशीस आणावे. एका भरतीत लाँच पाहुणे आणील किंवा नागूबाईंस नेईल. दोन्ही होणे नाही. मग कॅरमवाले उठले आणि आपली सुपारी उचलावयास फळ्याकडे निघाले, आणि त्यांमागे भजनवाले. परंतु नागूबाई आधीच तेथे बसल्या होत्या. त्यांनी फळी चाचपली, पाचही सुपाऱ्या ओच्यात घेतल्या, कनवटीचा अडकित्ता काढिला आणि कातरल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. आजे-पणजांच्या सुपाऱ्या, कटकट आवाज धक्काभर जाहला. भिकोबा "आजी, आजी" करीत राहिले. बाईंनी चुना लाविला, चिमूट तोंडात टाकिली आणि म्हणाल्या, "हां. उचला आता."

कोणी काही उचलिले नाही. एकादशीस सव्वाआठास लाँच गेली, नागूबाई गेल्या, उजवा डोळा राहिला. परत आल्यावर प्रथम फळ्यापुढे उभ्या राहिल्या, बराच वेळ वाचीत राहिल्या आणि आम्हांस म्हणाल्या, "अक्षर बरं हाय तुजं. तारखेसंगं तिथ लिवीत जा." तैपासोन लिहितो. सुपाऱ्या नव्या आणाव्या यासाठी दरबार बसला आहे. कोणत्या दुकानातून, यावर एकमत व्हावयाचे आहे. इति वर्तमान, फडके वाळत घालोन लिहिले.