आंतरराष्ट्रीय शाळेतले ग्रामसेवक

माझ्या लेकीच्या, सईच्या शाळेत पालकसभा सुरू झाली की पहिला आवाज माझ्या सासऱ्यांचा. प्रिन्सिपल मॅडम माईकवर बोटानं टकटक करत असतानाच दादा तिसऱ्या रांगेत उभे राहायचे आणि खणखणीत आवाजात विचारायचे, "कोरम झाला का?"

दादा निवृत्त ग्रामसेवक. फर्दापूरच्या आसपासच्या गावांत त्यांनी सगळी नोकरी ग्रामसभा घेण्यात घालवली. सूचक, अनुमोदक, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं हे इतकं अंगात मुरलेलं, की आमच्याकडे रविवारी वांगी करायची की मेथी, याचाही ठराव व्हायचा. सूचक ते, अनुमोदक सई. मी विरोधी पक्ष, म्हणजे स्वयंपाक करणारी.

सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना गावाहून शहरात, गारखेड्यातल्या आमच्या घरी आणलं. त्याच वर्षी सईला नर्सरीत घातलं. शाळा आंतरराष्ट्रीय. शेंद्र्याच्या कारखान्यांत आलेल्या कोरियन, जर्मन, जपानी इंजिनियरांची मुलं तिथं. आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, त्यामुळे सभेला आलटून पालटून जायचो. दादा मात्र पंधरा वर्षांत एकदाही गैरहजर नाहीत.

सई पहिलीत असतानाची गोष्ट. प्रिन्सिपल मॅडम आयर्लंडहून नुकत्याच आलेल्या. सभेला जेमतेम आठ डोकी. दादा उठले आणि त्यांनी जाहीर केलं, की कोरमअभावी ही सभा तहकूब करण्यात येत आहे. इंग्रजी करून सांगायचं काम माझं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटत असताना मी ते सांगितलं. मॅडमना वाटलं, इथला कायदाच असा असणार. त्यांनी गंभीरपणे वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, मग आता सभा कधी?

"अर्ध्या तासानं. इथंच. तहकूब सभेला कोरम लागत नाय," दादा म्हणाले. मी तेही सांगितलं. मॅडम खाली बसल्या.

आता अर्धा तास करायचं काय? कँटीनमधून चहा आला. तोवर आम्ही पालक एकमेकांना गाडीच्या काचेतून मान हलवून दाखवायचो, तेवढीच ओळख. त्या अर्ध्या तासात सगळे बोलायला लागले! कुणाच्या मुलाला कुणी शाळेत सोडायचं ते ठरलं, चांगला दातांचा डॉक्टर कुठला ते कळलं, आणि सोयंग नावाच्या कोरियन बाईला तिळाचं तेल काढून देणारा घाणा सापडला. पुढच्या वेळी मॅडमनी आपण होऊनच सभा तहकूब केली. त्यानंतर शाळेच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत इंग्रजी अक्षरांत यायला लागलं, दहा वाजता तहकूब, साडेदहाला सभा. ते अजून चालू आहे.

सोयंगला दादा ताई म्हणायचे. तिचा मुलगा सईच्याच वर्गात. दादांनी ठराव मांडून तिच्याकडे पाहिलं की ती हात वर करायची, अनुमोदन! काय मांडलंय हे तिला नंतर, मी इंग्रजीत सांगितल्यावर कळायचं. स्नेहसंमेलनात कुणीही तीन मिनिटांच्या वर भाषण करू नये, हा ठराव असाच पास झाला. मॅडमनी तो स्वतःलाही लावून घेतला, आणि सगळी शाळा दादांच्या प्रेमात पडली.

शेवटचा विषय नेहमी ‘आयत्या वेळचे विषय’. तिथं दरवर्षी दादांचा एकच विषय असायचा, की सर्व पालकांनी आमच्या शेतावर हुरडा खायला यावं. आणि लोक यायचे हो! दोन बस भरून! आगटीभोवती गोल करून बसायचे, दादा भाजलेली कणसं चोळून एकेकाच्या तळहातावर गरम हुरडा ठेवायचे, आणि लसणाच्या चटणीनं नाक लाल झालेला तो जर्मन बाप पुन्हा हात पुढं करायचा. मी नाकं मुरडत भाकरी थापायचे, पण मनातून अशी फुगलेली असायचे की विचारू नका.

सई बारावीत गेली तसे दादा जरा गप्प झाले. वर्ष संपलं की ते कुणाचे पालक राहणार नव्हते. आमच्या गल्लीत त्यांना नावानं ओळखणारं माणूस नव्हतं. गाव सुटलं होतं. त्यांचं गाव म्हणजे ती शाळाच, हे मला कळत होतं, पण परीक्षांच्या धांदलीत मी ते बाजूला सारलं.

शेवटच्या सभेत आयत्या वेळचे विषय आले. दादा उठले. हुरड्याचा हंगाम सरला होता. त्यांनी ठराव मांडला, की शाळेनं यंदापासून तेरावीचा वर्ग सुरू करावा. मी इंग्रजीत सांगितलं आणि सभागृहात हशा पिकला. मॅडम हसल्या, सोयंग डोळे पुसत हसली, मीही हसले. "अनुमोदक कोण?" दादांनी विचारलं. हसण्याच्या नादात कुणीच हात वर केला नाही. दादा खाली बसले. ते हसत नव्हते.

एप्रिलमध्ये सोयंगचं कुटुंब मायदेशी परतलं. सई पुण्याला जायची तयारी करू लागली. जूनमध्ये शाळा उघडायच्या दिवशी सकाळी पाहते, तर दादा घरात नाहीत. इस्त्रीचा पांढरा शर्ट खुंटीवर नाही, मोबाईल मात्र टेबलावर. स्कूटी काढली आणि थेट शाळा गाठली.

दादा फाटकाच्या आत गेलेच नव्हते. रस्त्याकडेला एक जीप उभी होती. धोतर-टोपीतले एक आजोबा मागच्या सीटवर अंग चोरून बसलेले, आणि त्यांच्या शेजारी दादा. मी झाडाआड थांबले.

"मी बी पहिल्या दिवशी असाच गाडीत बसलो व्हतो," दादा सांगत होते. "पोरगा-सून म्हणले, चला आत. मी म्हणलो, गाडी राखतो. खरं तं लई भ्या वाटलं. कोणी इंग्रजीत काही इचारलं तं? बायको जाऊन चार महिने झालते, घरी गेल्यावर सांगावं असंबी कोणी नव्हतं. मग कोरियाची एक ताई आली अन् बाजूला बसली. तिलाबी बोलता येत नव्हतं. घंटाभर नुसते बसलो आम्ही."

पंधरा वर्षं मी दादांच्या सभांची टिंगल केली होती आणि हे मला ठाऊक नव्हतं.

त्या आजोबांनी विचारलं, तुमचं कोण आहे आत?

"आता कोणी नाय," दादा म्हणाले. "तुम्ही एकले दिसले, म्हून बसलो."

थोड्या वेळानं दादा खाली उतरले आणि त्यांनी हात पुढं केला. तो धरून ते आजोबा जीपमधून उतरले. दोघं फाटकाकडे चालू लागले. मी हाक मारली नाही. मला रडू येत होतं, आणि झाडाआडून मी अनुमोदनाला हात वर केला होता.