त्रेचाळीस बियांना धुरी

बी रुजवावं तर मीच! आमच्या वृक्षोद्यानातल्या जाणत्या माळ्यांना तीन वर्षं जे जमलं नाही, ते मी माझ्या तान्ह्या ऑटीच्या एका दुपारच्या झोपेत करून दाखवणार होते.

ते पिवळ्या फुलांचं झुडूप फक्त आमच्या टेकडीवर उगवायचं. टेकडीवरून आता रस्ता गेलाय. उरल्या त्रेचाळीस बिया! आमच्याकडची झाडं भारी हट्टी, वणव्याचा धूर लागल्याशिवाय बी डोळाच उघडत नाही. म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये वाळूच्या ट्रेत बिया पेरल्या, बाहेर पिंपात ओला पाला धुमसवला आणि नळीने धूर आत सोडला. आता तासभर दार उघडायचं नाही.

चाळीस मिनिटं झाली. फटीफटींतून धूर असा निघत होता, जणू शेडच विडी ओढतेय! बाबागाडीत ऑटी कुरकुरला. त्याला झोळीत छातीशी बांधलं आणि पाल्यावर शिंपडायला पाणी आणायला गेले.

तेवढ्यात सायरन!

धूर करायचा तर आधी अग्निदलाला कळवायचं, हा आमच्या गावचा नियम. लंगोट बदलण्याच्या नादात मी विसरले, आणि धूर बघून कुणीतरी फोन केला. आणि अग्निदल म्हणजे कोण? गावातलेच स्वयंसेवक: खाटीक, शाळेतले मास्तर आणि माझा नवरा कॅलम!

बादली टाकून धावले. लांबून दिसलं, कॅलम बंबावरून उतरला आणि रिकामी बाबागाडी बघून थिजला.

"ऑटी! माझा ऑटी आत आहे!"

"अरे, दार उघडू नकोस!" मी किंचाळले.

"वेड लागलंय हिला! मर्व, पाणी मारा!"

दलप्रमुख मर्व सत्तरीचे. पण त्यांनी दारावर अशी लाथ घातली, की दार बिजागरीसकट आत! मागोमाग पाण्याचा लोट. ट्रे, वाळू, बिया, सगळं मागची खिडकी फोडून थेट गाडीतळाच्या खडीत!

आत कॅलम गुडघ्यांवर रांगत, रडत चाचपत होता.

"अरे, हा काय इथे," मी म्हटलं. ऑटीने जांभई दिली.

कॅलमने आम्हा दोघांना इतकं घट्ट धरलं, की मला भांडताही येईना.

"मग आत होतं काय, पोरी?" मर्वनी विचारलं.

"बिया."

"बियांसाठी एवढा बंब बोलावलास?"

"मी बोलावला?"

सहा आठवड्यांनी खडीतून एकतीस कोंब वर आले. मी तिथेच बसून रडले. उद्यानाने कुंपण घातलं, पाटी लावली: 'लागवड – गावचे अग्निदल'.

आता लांबलांबचे माळी मर्वना फोन करून सल्ला विचारतात.

"सोपं आहे हो," मर्व सांगतात, "दार तेवढं नीट फोडता आलं पाहिजे!"